गरज कोणाची?

भांडुपच्या एका चाळीत एक सुतार राहत होता. त्याने बसवलेल्या दाराच्या फटीतून कागद सरकायचा नाही, असा त्याचा हात. दारूने नेमका तोच हात धरला. सकाळी नव्वद पोटात गेल्याशिवाय पटाशी स्थिर राहीना.

बायकोने सगळे उपाय करून पाहिले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आमटीत गुपचूप कालवायची जाहिरातीतली पूड झाली. पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातली. ती त्याने दोन महिन्यांनी स्वतःच्या हाताने काढून देव्हाऱ्यात ठेवली, कारण माळ घालून पिण्याचं पाप त्याला नको होतं. एवढी चाड उरलेल्या माणसाला लोक निर्लज्ज म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एका सकाळी कामावर हाताखालच्या पोराने, कोणी न सांगता, हत्यारांच्या पेटीशेजारी बाटली आणून ठेवली. मिस्त्रीला लागते, हे त्याने ओळखलं होतं. सुतार बराच वेळ त्या बाटलीकडे बघत बसला, मग प्यायला, आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हणाला, "तो नंबर दे."

महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या नंबराची चिठ्ठी तिने मसाल्याच्या डब्यात जपून ठेवली होती. तिने स्वतः एकदा फोन केलाही होता. पलीकडचे गृहस्थ तेव्हा म्हणाले होते, "ताई, घरच्या माणसांची वेगळी मिटिंग असते, अल-ॲनॉन म्हणतात तिला. तुम्ही जरूर जा. तुमच्या मिस्टरांचा फोन मात्र त्यांनाच करू द्या." ती जात होती. तिथे तिला रडता येत होतं, आणि बाटल्या शोधणं तिने थांबवलं होतं.

आता फोनवर तोच आवाज होता. "शेवटची कधी घेतली?"

"आत्ता थोडी. सकाळी हात थरथरतात."

"मग मनाने एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर. औषधं ते देतील. आमच्याकडे फक्त माणसं आहेत."

दवाखान्यातून सुटल्यावर तो पत्ता शोधत निघाला. महापालिकेची शाळा होती, वेळ संध्याकाळची. ओळखीचं कोणी दिसेल म्हणून फाटकासमोरून तो पुढे गेला, परत आला, पुन्हा पुढे गेला. गुत्त्यात शिरताना इतकी वर्षं ही लाज कधी आडवी आली नव्हती. अखेर वॉचमनच म्हणाला, "मिटिंगला ना? पहिला मजला."

वर्गात मुलांचे बाक, फळ्यावर सतराचा पाढा. एक रिक्षावाला, एक बँकेतला अधिकारी, एक म्हातारे मास्तर. आडनाव कोणी विचारलं नाही, फीही मागितली नाही. चहा आला. एकेक जण उठून आपलं सांगत होता, आणि सुताराला वाटत होतं, ही माणसं माझ्या घरात कधी येऊन गेली?

मिटिंग संपल्यावर त्याने मास्तरांना विचारलं, "तुम्ही सोडून वीस वर्षं झाली म्हणता. मग आता कशाला येता?"

मास्तर म्हणाले, "१९३५ सालची गोष्ट. अमेरिकेत बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल. दारू सोडून पाचेक महिने झालेले. धंद्याच्या कामाला ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला, काम फसलं. खिसा रिकामा. हॉटेलच्या एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. त्याला कळलं, आपण आत्ता पिणार. तो फोनकडे वळला. चर्चची यादी बघून फोन लावत सुटला, दुसरा एखादा दारुडा गाठून द्या म्हणून. एका बाईने डॉक्टर बॉब स्मिथशी गाठ घालून दिली. डॉक्टर सर्जन होता आणि भरपूर प्यायचा. पंधरा मिनिटं बसेन म्हणाला, सहा तासांवर बसला. कारण हा माणूस उपदेश करायला आलेला नव्हता. स्वतःला वाचवायला आला होता. डॉक्टर त्यानंतरही एकदा घसरला. त्याने शेवटचा पेला घेतला १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस आपल्या या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा जन्मदिवस धरतात."

मग मास्तर थोडं थांबले. "आज पेन्शनच्या कामात माझा अपमान झाला. दुपारपासून डोक्यात तेच होतं. तू आलास, बोललास, आणि माझी संध्याकाळ निघाली. तुला माझी गरज आहे असं तुला वाटतं. मला तुझी आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या दारुडेपणाचा उपयोग सांगत होतं.

तोही पुढे घसरला, गणपतीत, विसर्जनाच्या रात्री. आठवडाभर शाळेकडे फिरकला नाही. मग गेला. कोणी जाब विचारला नाही, मास्तर बाकावर थोडे सरकले. त्याने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. आज त्या फोनवर आठवड्यातून एकदा त्याची पाळी असते, आणि पहिला प्रश्न तो तोच विचारतो: शेवटची कधी घेतली?

तुमच्या घरात असं माणूस असेल, किंवा ते माणूस तुम्हीच असाल, तर डॉक्टरांना विचारा, नाहीतर व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत क्रमांक १४४४६ लावा आणि जवळची मिटिंग कुठे भरते ते विचारून घ्या. पहिल्या मिटिंगमध्ये मन रमलं नाही तर दुसरीकडे जा, पण जा. तिथे कोणीतरी तुमची वाट बघत बसलेलं असतं, आणि त्यालाही त्या संध्याकाळी तुमची गरज असते.