प्रणाली दिली, वेळ दिलेला नाही

मोफत सॉफ्टवेअरचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘फुकट मिळतंय ना, मग तक्रार कसली?’ आणि ‘पैसे लावा, म्हणजे कदर होईल.’ दुसऱ्याबद्दल एवढंच की, पैसे मोजून घेतलेल्या मालालाही लोक नावं ठेवतात. पहिलं तर चक्क चूक आहे. तक्रारीशिवाय कुठलीच प्रणाली सुधारत नाही.

मला छळतं ते तिसरं वाक्य : ‘आमचं काम तुमच्या प्रणालीवर चालतं, आता तुम्ही बांधील आहात.’ सुरतच्या पांडेसऱ्यात मी दिवसा हिशेबाचं काम करतो. रात्री बसून मोबाइलवर चालणारी एक छोटी प्रणाली लिहिली. ग्रे कापडाचा लॉट प्रोसेस हाउसला गेला तेव्हा किती ताके, किती मीटर. रंगून आला तेव्हा किती भरला. शॉर्टेज किती टक्के. कोडसकट सगळं खुलं ठेवलं. मग एका व्यापाऱ्याचे निरोप सुरू झाले : ‘परवापासून सांगतोय, बिलं अडलीत, आज रात्री दुरुस्ती करून द्या.’

हे म्हणणं न्यायाचं वाटतं, म्हणूनच ते नीट तपासायला हवं. विसंबून राहायचं त्यांनी ठरवलं, एकतर्फी. मला कोणी विचारलं नव्हतं. समोरच्याच्या एकतर्फी निर्णयानं माझ्यावर कर्तव्य येत असेल, तर वस्तू जितकी उपयोगी तितका तिचा कर्ता जास्त बांधला जाणार. शिवाय जो तिच्यावर सर्वांत जास्त कमावतो त्याचीच अडचण सर्वांत मोठी, म्हणून हक्कही त्याचाच मोठा, आणि तोही दमडी न कमावणाऱ्यावर! हा न्याय मला मान्य नाही.

आणि हे प्रकरण पांडेसऱ्यापुरतं नाही. फाइली आवळून लहान करणारी एक्सझेड ही प्रणाली लिनक्सवर जवळपास सगळीकडे असते. फिनलंडमधला एक माणूस ती छंद म्हणून, बिनपगारी सांभाळत होता. २०२२मध्ये त्याच्यामागे तगादा लागला : कामं रखडलीत, दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्या. थकलेल्या माणसानं मदतीला आलेल्याच्या हाती अधिकार दिले. मार्च २०२४मध्ये उघड झालं की त्या मदतनिसानं प्रणालीत चोरवाट बसवली होती. तगादा लावणारी नावंही बहुधा बनावट होती. तरी तेव्हा कुणाला संशय आला नाही, कारण खरा तगादा हुबेहूब तसाच असतो.

मोफत सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘कसलीही हमी नाही’ असं लिहिलेलं असतं. पण त्या कलमाआड लपणं मला पटत नाही. माहीत असलेला दोष लपवायचा नाही, आत घातक काही घालायचं नाही, एवढं देणं मी लागतोच. पण हे देणं वस्तूबद्दलच्या सचोटीचं झालं. माझ्या रात्री त्यात येत नाहीत. मी प्रणाली दिली आहे, वेळ दिलेला नाही. आणि प्रत्येक तक्रार मी याच कसोटीवर घासतो : ही वस्तूबद्दल बोलते की माझ्या वेळेवर हक्क सांगते?

फोल्डिंग खात्यातल्या एका कामगारानं चलनाचा फोटो पाठवला होता. एका ताक्याचे दोन तुकडे झाले की प्रणाली दोन ताके मोजते, मीटर मात्र बरोबर येतात, एवढंच त्यानं खाली लिहिलं होतं. कोड त्याला वाचता येत नाही. प्रणालीबद्दल मला ठाऊक नसलेली गोष्ट त्यानं सांगितली आणि दुरुस्ती कधी करायची ते माझ्यावर सोडलं. त्या व्यापाऱ्याकडे पगारी संगणकवाला आहे, कोडही त्याच्यासमोर उघडं आहे. बिलं खरोखरच अडली असतील तर हवी ती दुरुस्ती त्यानं आपल्या माणसाकडून आज रात्री करून घ्यावी.