पाठाची तयारी आणि प्रश्नाची तयारी

मंडळीतली तरुण मुले रविवारी दिसेनाशी झाली की चर्चा एकाच ठिकाणी येऊन थांबते: संडे स्कूलच्या शिक्षकांना ट्रेनिंग द्या. मग दोन दिवसांचे शिबिर भरते. हावभावांची गाणी होतात, बाहुल्यांचा खेळ कसा बसवायचा ते दाखवले जाते, तयार पाठांची फाइल हातात पडते, प्रमाणपत्रासह फोटो निघतो. शिक्षकांची तयारी अपुरी आहे हे निदान खरेच आहे. पण तयारी कशाची, हे कुणी विचारत नाही.

काहीजण म्हणतात, पवित्र आत्मा शिकवतो, प्रशिक्षण कशाला? त्यांनी तीमथ्याला लिहिलेली पत्रे पुन्हा वाचावीत. काहींना वाटते, हे सगळे सेमिनरीचे काम आहे. पण सेमिनरीतून येतो तो एक पाळक, आणि त्याच्याकडे कधी कधी चार-पाच गावांच्या मंडळ्या असतात. या दोन्ही मतांवर वेळ घालवण्याची गरज नाही. वेळ घालवावा लागतो तो तिसऱ्या मतावर, कारण ते आज सर्वांना पटलेले आहे. ते असे: आशय पवित्र शास्त्रात तयारच आहे, उणीव आहे ती फक्त पद्धतीची. मुलांना मोबाइलच्या पडद्याची सवय लागली आहे, तेव्हा शिकवणे आकर्षक करा, मुले टिकतील.

पद्धतीला मी कमी लेखत नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत वापरले तेव्हा त्यांनीही पद्धतीचाच विचार केला होता. पण त्यांच्या कीर्तनामागे आयुष्यभराचा झगडा होता. पद्धत त्या झगड्यातून आली, तिने झगड्याची जागा घेतली नाही. आजच्या शिबिरांत नेमके उलटे घडते.

आठवीतली एक मुलगी वर्गात विचारते, “मैत्रिणीच्या घरी गणपतीचा प्रसाद दिला तर खायचा का?” फाइलमध्ये याचा पाठ नाही. बाहुली इथे काही करू शकत नाही. शिक्षिका एका ओळीत ‘नाही’ म्हणते किंवा ‘घरी विचार’ म्हणते. पण पौलासमोर करिंथात जवळजवळ हाच प्रश्न आला होता, आणि त्याने एका ओळीत उत्तर दिले नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय या प्रश्नाभोवती फिरतात. मूर्ती काहीच नाही, असे तो म्हणतो. मग म्हणतो, तुझ्या मोकळेपणाने दुर्बळ भावाला ठेच लागत असेल तर जप. मूर्तीच्या मेजवानीत भागी होऊ नका, असे बजावतो, आणि बाजारात विकले जाणारे मांस मात्र विचारपूस न करता खा, असे सांगतो. ही सगळी वळणे जिने स्वतः कधी चालून पाहिली नाहीत, ती शिक्षिका त्या मुलीला काय देणार?

दुसरा मुलगा विचारतो, “शेजारच्या बौद्ध मित्राला अनुसूचित जातीची सवलत मिळते, आमचे आजोबा एकाच वाड्यातले, मग मला का नाही?” हा प्रश्न 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा आहे. त्यात 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध समाविष्ट झाले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. पण प्रश्न फक्त कायद्याचा नाही. ख्रिस्तात भेद उरत नाही असे आपण शिकवतो, आणि मंडळीत लग्नाची बोलणी सुरू झाली की कोण कुठल्या घरचा याची चौकशी कशी होते, हे त्या मुलाने पाहिलेले असते. पीपीटी कितीही रंगीत असली तरी हा मुलगा तिच्याकडे बघणार नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: आधी मुले यायला तर हवीत, प्रश्न नंतर बघू. मला हे मुळीच पटत नाही. लहानपणी मुले गाण्यांसाठी येतात, बक्षिसांसाठी येतात. त्यांची गळती सुरू होते ती दृढीकरणानंतर, म्हणजे प्रश्न पडू लागतात त्याच वयात. पाठाची तयारी असलेला शिक्षक त्यांना तिथवर आणतो आणि नेमके तिथेच सोडून देतो. पाठाची तयारी आणि प्रश्नाची तयारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप उगवत नाही. उलट, जो फक्त पाठासाठी तयार झाला आहे, त्याला प्रश्न म्हणजे व्यत्यय वाटतो, कधी कधी बंडही वाटते.

आपली परंपरा तर प्रश्नांतूनच उभी राहिली. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही पंडिता रमाबाई वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. जे बुद्धीला आणि सद्सद्विवेकाला पटले नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून त्यांनी मान्य केले नाही. त्याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारले, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. आपण त्यांची जयंती करतो. त्यांच्यासारखी एखादी मुलगी आज आपल्या वर्गात बसली, तर तिला गप्प बसवतो.

साध्या माणसांना हे जमणार नाही, नोकरी-शेती करणाऱ्यांवर धर्मशास्त्राचे ओझे नको, असेही म्हटले जाते. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोस हा वक्ता आहे. शास्त्रात निष्णात, बोलण्यात आवेश, पण त्याला ठाऊक होता तो फक्त योहानाचा बाप्तिस्मा. त्याला घरी नेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला तो प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी. हे जोडपे तंबू शिवून पोट भरत होते. 1963 मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विस्तारित धर्मशिक्षणाचा जो प्रयोग सुरू केला, त्याचाही गाभा हाच होता: शिकणाऱ्याने घरी अभ्यास करायचा आणि आपल्या गावच्या कामातून आलेल्या अडचणी घेऊन शिक्षकाला ठरावीक दिवशी भेटायचे. पुढे तो भारतातही आला. जिथे ही भेट गळाली, तिथे फक्त पुस्तके उरली.

कमिट्यांना माझी विनंती एवढीच आहे. जूनमध्ये वर्ग सुरू होण्याआधी नवे साहित्य घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण त्याआधी आठवड्यातला एक तास ठरवा. त्या तासाला पाळकसाहेब आणि संडे स्कूलचे सगळे शिक्षक एकत्र बसोत. गेल्या रविवारी मुलांनी काय विचारले, ते वहीत लिहून आणावे, आणि पवित्र शास्त्र उघडून त्यावर बोलावे. ज्या आठवड्यात वही कोरी आली, त्या आठवड्यात मुले का बोलली नाहीत, यावर बोलावे.