गणाचा मान

मुंबईतील परळ-लालबागच्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात एक साधी क्रिया दिवसातून असंख्य वेळा घडत असे : धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि तिच्या सुताचे टोक बाहेर काढण्यासाठी धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून ते श्वासाने ओढून घेई. एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागेल, एवढ्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या अधिक मजुरीच्या खात्यात मज्जाव होता, आणि १९२८ च्या संपकाळात बाबासाहेब आंबेडकरांना ही तक्रार खुद्द संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडावी लागली. संपाला हात सर्वांचे चालत. विटाळ होता तो तोंडाचा. पण त्याच तोंडातून निघालेल्या गाण्याने या वस्तीत जे साधले, ते पुष्कळशा ठरावांना नि अर्जविनंत्यांना साधले नाही, असे माझे निश्चित मत आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंच्या दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा निग्रोंच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या दुःखांचे नाते त्यांनी ओळखले होते. अस्पृश्यतेचा उगम वंशभेदात नाही, असे बाबासाहेबांनी पुढे साधार प्रतिपादिले, तरी त्या नात्याला बाध येत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच उरतो : ज्याला दूर ठेवले, त्याला आत घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?

दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात १९२६ साली प्रबोधनकार ठाकरे प्रभृतींनी अस्पृश्यांच्या पूजेच्या हक्काचा आग्रह धरला, तेव्हा अखेर तडजोड ठरली ती अशी की, अस्पृश्य भक्ताने फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहावीत. त्या काळी एवढेही थोडे नव्हते, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. तथापि फूल एकाचे आणि अर्पण करणारा हात दुसऱ्याचा, ही व्यवस्था मनाला आजही सलते.

लोककलेने ही मध्यस्थी झुगारली. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी पाडलेली वाट डोळ्यांपुढे असताना, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या त्रयीने १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणेशस्तवनाने व्हायचा. अण्णाभाऊंनी त्या जागी मायभूमीला, शिवरायांना वंदन केले. कोणाचे नाव प्रथम घ्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार मांग जातीत जन्मलेल्या शाहिराने कोणाच्या परवानगीवाचून आपल्याकडे घेतला. आणि चाळीच्या पटांगणात डफाची थाप पडून झीलकऱ्यांनी धृपद उचलले की समोर बसलेला कोकणी, घाटी, महार, मराठा, मुसलमान ते आपल्या तोंडाने म्हणू लागे. एकाच्या ओठांवरचे शब्द दुसऱ्याच्या ओठांवर बिनदिक्कत जात.

१९५८ च्या मार्च महिन्यात पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेही दादरलाच. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले अण्णाभाऊ उद्घाटक म्हणून उभे राहिले, आणि त्या व्यासपीठावरचा उद्घाटनाचा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारला.