खूण आणि कारण

वसंताच्या आरंभी हिमालयाच्या उतारांवर, देवदाराच्या आणि कैलाच्या रानांत, गुच्छी नावाची एक अळंबी उगवते. तिची टोपी मधाच्या पोळ्यासारखी खळग्याखळग्यांची असते, देठ आतून पोकळ असतो, आणि वाळलेल्या पानांच्या व तिच्या रंगांत इतके साम्य असते की पायाशी असूनही ती नवख्यास दिसत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ हिला मोर्केला म्हणतात. हिची भावंडे युरोपात व उत्तर अमेरिकेतही वसंतातच उगवतात. तिकडे त्यांस मोरेल असे नाव आहे. आपल्या सह्याद्रीकडील अळंब्या पावसाळ्यात वारुळांवर दिसतात, त्यामुळे अळंबी म्हटली की आषाढ-श्रावण हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. गुच्छी मात्र बर्फ वितळल्यानंतरच्या ओलीवर येते, आणि थोड्याच दिवसांत सुकून जाते. वाळविलेल्या गुच्छीस किलोमागे कैक हजार रुपये पडतात. ती वेचणारी डोंगरी कुटुंबे मात्र श्रीमंत नाहीत. तेव्हा ‘यंदा गुच्छी केव्हा?’ हा त्यांचा प्रश्न पोटाचा आहे. माझ्यासारख्या, पुस्तकांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास त्यात दुसराच एक प्रश्न दडलेला दिसतो. एखादी गोष्ट का घडते हे ठाऊक नसताना ती केव्हा घडेल हे सांगता येते काय? आणि येत असेल, तर तेवढ्या ज्ञानाच्या भरंवशावर दुसऱ्यास रानात धाडण्याचा अधिकार आपणांस कितपत पोचतो?

लोकांनी आपली उत्तरे फार पूर्वीच तयार करून ठेविली आहेत. अमेरिकेच्या मिशिगन, मिनेसोटा इत्यादी उत्तरेकडील राज्यांत या अळंबीचे वेड मोठे. मिनेसोटाने तर १९८४ साली तिला राज्याची अळंबी म्हणून कायद्याने मान दिला. तेथील जुना माणूस सांगतो की, ओक वृक्षाचे कोवळे पान खारीच्या कानाएवढे झाले म्हणजे टोपली घेऊन निघावे. दुसरा लायलॅकच्या फुलांकडे बोट दाखवितो. तिसरा म्हणतो, आधी दक्षिणेकडे तोंड केलेले उतार पाहा, कारण तेथे ऊन अगोदर पोचते. उत्तरेकडचे उतार मागाहून. नव्या पिढीचा मनुष्य जमिनीत चार इंच खोल उष्णतामापक खुपसतो, आणि काटा फॅरनहाइटच्या ५० अंशांपाशी म्हणजे सेल्सियसच्या १० अंशांपाशी स्थिरावू लागला की रजा टाकतो. हिमालयात याहून भव्य खूण आहे. तेथील लोक म्हणतात की, आकाशात गडगडाट होऊन वीज चमकली म्हणजे गुच्छी वर येते.

या शेवटच्या खुणेस सुशिक्षित मनुष्य हसतो. परंतु हसण्यापूर्वी त्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कालिदासाने ‘मेघदूता’च्या पूर्वभागात भूमीला अळंब्यांनी सफळ करण्याचे सामर्थ्य मेघाच्या गर्जनेसच दिले आहे, आणि तिकडे ग्रीसमध्ये प्लूटार्कच्या भोजनप्रसंगीच्या संवादांत मेघगर्जनेमुळे भूमिगत कवके उपजतात असे लोकांस का वाटते याची सविस्तर चर्चा आहे. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली, यावरून निदान त्यांनी काहीतरी पाहिले एवढे मान्य करावयास हरकत नाही. त्यांनी पाहिले ते बहुधा एवढेच की, गर्जनेबरोबर पाऊस येतो आणि पावसामागून अळंबी येते. ढोल वाजविणाऱ्यास वरातीचा मालक समजावे तसे हे झाले. तथापि इवाते विद्यापीठातील जपानी संशोधकांनी ओंडक्यांवर वाढविल्या जाणाऱ्या अळंब्यांस विजेचे तीव्र झटके देऊन त्यांचे पीक वाढल्याचे दाखविले आहे. त्यावरून गुच्छीविषयी काही सिद्ध होत नाही. पण हसणाऱ्याने जरा बेताने हसावे, इतके मात्र सिद्ध होते.

असो. मूळ मुद्द्याकडे वळू. ओकचे पान अळंबीचे कारण नव्हे, आणि अळंबी पानाचे कारण नव्हे. मग एकावरून दुसरीचे अनुमान कोणत्या न्यायाने? आमच्या तार्किकांनी हा वाद फार रंगविला आहे. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याचे म्हणणे असे की, एका वस्तूवरून दुसरीचे विधायक अनुमान करावयाचे तर त्या दोहोंत कार्यकारणाचा तरी संबंध हवा, नाहीतर तादात्म्याचा तरी. धुरावरून अग्नी ओळखावा, कारण धूर हे अग्नीचे कार्य आहे. यावर अकलंक, माणिक्यनंदी प्रभृती जैन नैयायिकांनी जे उत्तर दिले ते मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. ते म्हणतात, कृत्तिका उगवलेल्या पाहून थोड्याच वेळात रोहिणी उगवेल असे आपण निःशंकपणे सांगतो. आता कृत्तिका काही रोहिणीस जन्म देत नाहीत, आणि कृत्तिका म्हणजेच रोहिणी असेही कोणी म्हणणार नाही. तरी अनुमान खरे ठरते. अशा हेतूस त्यांनी ‘पूर्वचर’ असे सुंदर नाव दिले: पुढे चालणारा. ओकचे पान हे अळंबीचे पूर्वचर आहे. राजाच्या पुढे चोपदार चालतो. तो राजास निर्माण करीत नाही, पण तो दिसला की लोक उठून उभे राहतात, आणि ते उभे राहतात यात त्यांची काही चूक होत नाही.

येथवर जैन आचार्यांचा पक्ष मला निर्विवाद वाटतो. परंतु कृत्तिका-रोहिणी आणि ओक-अळंबी या दोन जोड्यांत एक भेद आहे, आणि सारा प्रश्न त्या भेदातच साठलेला आहे. नक्षत्रे आकाशाच्या एकाच चाकावर जडविलेली आहेत; चाक फिरले की दोन्ही फिरणार. ओक आणि अळंबी ही एकाच रस्त्याने जाणाऱ्या दोन गाड्यांसारखी आहेत. रस्ता वसंताचा खरा, पण बैल निरनिराळे. झाडाच्या कळ्या मुख्यतः हवेच्या उबेस आणि काही अंशी दिवसाच्या लांबीस ओळखतात. अळंबीचे खरे शरीर म्हणजे जमिनीखालचे तंतूंचे जाळे. ते थंडीपूर्वी अन्न साठवून लहान कठीण गाठी करून राहते. त्या गाठींतून वसंतात अळंबी उठेल की पुन्हा नुसते तंतूच पसरतील हे मातीची ऊब, ओल आणि अन्नाची स्थिती यांवर अवलंबून असते. हवा झपाट्याने तापते, माती सावकाश. बर्फ कमी पडले, पाऊस रुसला, तर ओकची पाने खारीच्या कानाएवढी होऊन पुढे हत्तीच्या कानाएवढी झाली तरी अळंबी येणार नाही. नैयायिक ज्यास उपाधी म्हणतात तो हाच प्रकार. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, इंधन ओले असावे लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो.

ह्यूमने १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, भविष्याविषयीची आपली सारी खात्री शेवटी सवयीवर उभी आहे असे सांगून युरोपची झोप उडविली. मला ह्यूमचा आदर आहे; पण अळंबी वेचणाऱ्याला ह्यूमचा काही उपयोग नाही. सर्वच अनुमाने सारखीच निराधार म्हटल्यावर चांगल्या खुणेत आणि वाईट खुणेत निवड कशी करावी, हे सांगावयाचे राहूनच जाते. त्या कामी आमची उपाधी अधिक उपयोगी आहे, कारण ती विचारते: ही खूण कोणत्या अटीवर खरी ठरते?

खुणांस आकड्यांचा नियम घालण्याचेही प्रयत्न झाले. १९१८ साली अँड्र्यू हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने असा नियम मांडला की, इतर परिस्थिती सारखी असता, उत्तरेस एक अक्षांश गेले, किंवा पूर्वेस पाच रेखांश गेले, किंवा ४०० फूट वर चढले, तर वसंतातील प्रत्येक घटना सुमारे चार दिवस उशिरा घडते. त्याला काळजी होती गव्हाच्या पेरणीची व त्यावर पडणाऱ्या माशीची. अळंबीवाल्यांनी नियम उचलला तो मागाहून. नियम मोठा देखणा आहे. मात्र त्यातील ‘इतर परिस्थिती सारखी असता’ या चार शब्दांनीच सगळा भार उचललेला आहे, आणि हिमालयात एका वळणापलीकडे इतर परिस्थिती सारखी असत नाही. आपल्या पंचांगात मृगाचा प्रवेश आणि त्याचे वाहन छापलेले असते. सूर्य जूनच्या ७-८ तारखेस मृगात न चुकता जातो, आणि पाऊस आपल्या सोयीने येतो. पंचांगकर्त्याचे गणित बिनचूक असते, ते सूर्याचे असते म्हणून. पावसाचे म्हणून ते वाचणारे आपण.

आता नीतीचा प्रश्न. भाकीत सांगणे हे केवळ ज्ञानाचे काम नव्हे, ती एक कृती आहे, कारण ऐकणारा त्यावर चालतो. ‘अमुक तारखेस गुच्छी येईल’ असे एखाद्या जाणत्याने सांगितले, एखादे कुटुंब शेता-बागेची कामे टाकून दोन दिवस रान तुडवून रिकाम्या हाती परतले, तर गेलेली मजुरी कोणाची? सांगणाऱ्याची खचितच नव्हे. याउलट ‘दक्षिणेचा उतार पाहा, माती हातास गार लागत नसेल आणि आठवड्यात पाऊस झाला असेल तर वर चढा’ असे जो सांगतो, तो कमी सांगतो पण प्रामाणिकपणे सांगतो. तो ऐकणाऱ्याच्या हाती खुणेबरोबर तिची अटही देतो. तारीख सांगणाऱ्यास लोक विद्वान म्हणतात आणि अट सांगणाऱ्यास अडखळणारा म्हणतात. हे आमच्या विद्यापीठांतही चालते, त्याविषयी येथे अधिक न लिहिणेच बरे.

आणखी एक गोष्ट. वेळेचे ज्ञान म्हणजे वस्तूचे ज्ञान नव्हे. खऱ्या मोरेलच्याच हंगामात तिच्यासारखी दिसणारी, मेंदूप्रमाणे वळ्या पडलेली एक विषारी अळंबीही उगवते. खरी मोरेलसुद्धा कच्ची खाल्ल्यास अपाय करते. अमेरिकेच्या माँटाना राज्यात २०२३ साली एका खाणावळीतील कच्च्या व अर्धकच्च्या मोरेल खाण्यात येऊन ५१ माणसे आजारी पडली आणि त्यांतील दोघे दगावली. ओकचे पान कितीही बरोबर वाचले तरी हे त्यात लिहिलेले नसते.

जागा लपवावी आणि वेळ सांगावी, असा अळंबीवाल्यांचा जगभर रिवाज आहे. हौशी मनुष्याने जागा लपविणे मला कद्रूपणाचे वाटते. ज्याचे वर्षाचे मीठ-तेल त्या उतारावर अवलंबून आहे त्याने ती लपविल्यास मी त्यास दोष देणार नाही. पण वेळ तो मोकळेपणाने सांगतो हे विशेष; जणू ऋतू हा सर्वांचा, एवढे त्याने मान्यच केलेले असते.

अलीकडे या सामाईक ठेव्यालाच धक्का बसला आहे. मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावी थोरो याने १८५०च्या दशकात कोणते झाड कधी पालवले, कोणते फूल कधी उमलले, याची टिपणे वर्षानुवर्षे ठेविली. आजच्या शास्त्रज्ञांनी तीच रोपे त्याच गावी पाहिली तेव्हा वसंत अलीकडे सरकलेला आढळला. हे अपेक्षितच होते. अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट २०१९ साली प्रसिद्ध झाली. मोठ्या झाडांची पालवी जितकी अलीकडे आली, तितकी त्यांच्या सावलीतली रानफुले अलीकडे आलेली नाहीत. म्हणजे दोन्ही गाड्या वेगाने निघाल्या, पण सारख्या वेगाने नव्हे. चोपदार पुढे निघून गेला आणि राजा मागेच राहिला, तर उठून उभे राहिलेल्या लोकांनी काय करावे? आजोबांपासून चालत आलेली खूण खोटी नव्हती. ज्या अटीवर ती खरी होती ती अट कोणी उच्चारली नव्हती, कारण ती कधी मोडलीच नव्हती.

यावर काहींचे उत्तर असे की, आता भाकिताची गरजच काय? १९८२ साली रोनाल्ड ओवर याने बंदिस्त जागेत मोरेल उगवून दाखविली, आणि आज चीनमध्ये तिची शेतेच्या शेते आहेत. जेथे कारण हाती आले तेथे खुणेकडे कोण पाहील? उत्तर खरे आहे, पण ते शेतवाल्यांपुरते. चंबा-कुलूच्या उतारावरील कुटुंबाला त्याचा लाभ एवढाच की एखाद्या वर्षी भाव पडेल. त्याला यंदाही रानातच जावयाचे आहे आणि त्याला खूणच पाहिजे.

थोरोच्या टिपणांवरून जे कळले ते त्याच्या प्रतिभेमुळे कळले नाही. त्याने फुलांच्या तारखांशेजारी झाडांच्या तारखाही लिहिल्या म्हणून कळले. गुच्छी वेचणाऱ्यांच्या घरांतून आता शाळेत जाणारी मुले आहेत. पहिली गुच्छी हाती लागली त्या दिवशी शेजारच्या झाडाची पालवी केवढी होती, बर्फ कोठवर मागे हटले होते आणि पाऊस कधी पडला होता, एवढे दर साली एका ओळीत लिहावयाचे म्हटले तर एका मुलाची एक वही चाळीस वर्षे पुरेल.