दहावा माणूस

न्यायालयात पक्षकाराने जातीने हजर राहिलेच पाहिजे असे नाही; वकीलपत्र दिले म्हणजे त्याचे काम दुसरा चालवू शकतो. कायद्याने ही सोय मोठ्या शहाणपणाने केलेली आहे, आणि आम्हा वकिलांचा चरितार्थच तीवर चालत असल्याने तिच्याविरुद्ध बोलण्याचे मला कारण नाही. परंतु हीच सोय देवाच्या दारी कितपत चालावी? अभिषेकाची रक्कम पाठविली, पावती व अंगारा घरपोच आला, म्हणजे देवळाविषयीचे आपले कर्तव्य पुरे झाले काय? स्वतःच्या देवळासंबंधी असा प्रश्न निघाला की मनुष्य निःपक्षपाती राहत नाही. म्हणून तो आपल्याच भाषेत बोलणाऱ्या एका शेजारी समाजाच्या उपासनेवर घासून पाहणे बरे.

हा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल यहुदी. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला 'सिनेगॉग' हा शब्द परका वाटेल. पण पुण्याच्या कॅम्पातील, १८६७ साली पुरे झालेले तांबड्या विटांचे यहुदी प्रार्थनामंदिर पुष्कळांनी रस्त्यावरून पाहिले असेल. ते बांधविले बगदादहून आलेल्या ससून घराण्याने. पण लोकांनी त्याला नाव दिले 'लाल देऊळ'. अशा मंदिरात मूर्ती नसते. यरुशलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, एक कपाट असते व त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. त्यासमोर नंदादीपासारखा अखंड दिवा तेवतो. प्रार्थना चालविणाऱ्याला हजान म्हणतात. दर शनिवारी ग्रंथाचा नेमलेला भाग वाचून वर्षात पारायण पुरे करायचे आणि त्याच दिवशी पुन्हा आरंभ करायचा, हा तेथील क्रम. इथवर आपल्या वाचकाला अनोळखी असे फारसे काही नाही.

अनोळखी आहे तो दहांचा नियम. तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्याखेरीज सामुदायिक प्रार्थनेतील काही मुख्य भाग म्हणता येत नाहीत व तोराचे जाहीर वाचनही होत नाही. नऊ विद्वान जमले तरी संख्या पुरी होत नाही. दहा सामान्य तेली जमले तर होते. एकट्याने प्रार्थना करण्यास कोणाची आडकाठी नाही. पण समाजाची म्हणून जी प्रार्थना आहे, ती समाज प्रत्यक्ष उभा राहिल्याशिवाय होत नाही. जुन्या परंपरेत या गणतीत स्त्रियांना स्थान नाही, आणि ही उणीव झाकण्याचे कारण नाही. कारण, पुढे दिसेल त्याप्रमाणे, या समाजाचा धर्म पुष्कळसा स्त्रियांनीच राखला.

या नियमाचे मर्म कद्दिश या प्रार्थनेत कळते. आईबाप वारल्यावर मुलगा ती अकरा महिने म्हणतो. तीत मृत्यूचा उल्लेखही नाही. केवळ ईश्वराची स्तुती आहे. पण तीसुद्धा दहांच्या समक्षच म्हणावी लागते. म्हणजे एकाच्या शोकाला इतर नऊ जण लागतात. ज्याच्या घरी काही घडलेले नाही, त्यानेही पहाटे उठून जायचे. कारण तो गेला नाही तर दुसऱ्याचे दुःख मुके राहते. हे आपल्याला अगदीच नवे आहे असेही नाही. तिरडीला चार खांदे लागतात आणि तेथे कोणी पैसे पाठवून मोकळा होत नाही, हे आपली खेडी आजही जाणतात. फरक इतकाच की आपण स्मशानापुरते जे मानतो, ते त्यांनी देवळालाही लागू केले.

केवळ इमारतीने समाज टिकत नाही, याचा पुरावा त्यांच्या इतिहासातच आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले व सात जोडपी वाचली. पुढे शतकानुशतके त्यांच्यापाशी ना ग्रंथ होता, ना मंदिर. तेल गाळणे हा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. मुलांची सुंता, खवले व पर असलेलीच मासळी खाणे, 'शेमा' ही एक प्रार्थना आणि 'नव्याचा सण', 'दारफाळणीचा सण' अशी मराठी नावे धारण केलेले सण, एवढीच त्यांची शिदोरी. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा बायकांनी मिश्र मासळीतून निषिद्ध मासे वेगळे काढून दाखविले. पुरावा कागदोपत्री नव्हता; तो स्वयंपाकघरात होता. आपल्या पूर्वजांनी गोव्यातून देव पालखीत घालून नदीपार नेले. यांच्यापाशी उचलून न्यायला काहीच नव्हते. जपायला होते ते आचरण.

पहिले मंदिर झाले ते फार पुढे, १७९६ साली मुंबईत. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेले लष्करी अधिकारी होते. मंदिरापाठोपाठ विद्या आली. कारण दहांपैकी प्रत्येकाला आपण काय म्हणतो ते कळावे लागते. पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा निघाली. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची पोथी हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बायका लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास तर त्यांनी आपले कीर्तनच उचलले आणि योसेफ-मोशेची आख्याने मराठी पद्यांतून सांगितली. त्या इस्राएली शाळेच्या प्राचार्या म्हणून दीर्घकाळ काम केलेल्या रिबेका रूबेन यांचा जन्म १८८९ मधला, आणि तो आपल्या बेळगावचा.

१९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे १९८७ पासून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक त्यांनी काढले. इकडे कोकणात मंदिरे उभी आहेत; पण कित्येक ठिकाणी दहा माणसे जमविण्यासाठी सणावारी मुंबईकडे डोळे लावावे लागतात. दिवा लावणारा आहे. दहावा मिळत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या कायद्यात देवाची मूर्ती ही व्यक्ती मानली आहे; ती मालमत्ता धारण करते, दावाही लावते. भक्त एकही न आला तरी पुजारी नैवेद्य दाखवितो आणि देव उपाशी राहत नाही. या व्यवस्थेत मोठी करुणा आहे, हे मी मनापासून मान्य करतो. परगावी पोटासाठी गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, वाट चुकलेल्या माणसासाठीसुद्धा येथे दिवा तेवत राहतो. तो परतेल तेव्हा दार उघडे असते. दहांच्या नियमात ही सवलत नाही. पण याच करुणेने आपल्याला एक सोयीचा समजही दिला आहे, की आपल्यावाचून काही अडत नाही. देवस्थानांच्या वादांत पालखीला खांदा कोणाचा, पहिला प्रसाद कोणाला, यासाठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या झगडतात. आपल्या गैरहजेरीची खंत बाळगून कोणी कचेरीची पायरी चढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हक्क सांगायला सारे भाऊबंद जमतात. सोमवारच्या आरतीला गुरव आणि घंटा.

देवाचे आपल्यावाचून अडत नाही, हे खरेच. परंतु देऊळ हे केवळ देवाचे घर नसते. ते एकमेकांना भेटण्याचे, एकमेकांच्या सुखदुःखाला साक्षी राहण्याचेही स्थान असते, आणि साक्ष मुखत्यारामार्फत देता येत नाही. वर्गणी पाठवावीच, तिच्याविना छप्पर शाकारले जाणार नाही. पण त्या छपराखाली एखाद्या संध्याकाळी कोणी शेजारी आपले दुःख घेऊन एकटाच बसला असेल, तर त्याला पावतीचा उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने दहावा माणूस आपणच असतो.