तसबिरीतले दैवत

देवळातली मूर्ती प्राणप्रतिष्ठेनंतर पूजेला योग्य होते. छापखान्यात हजारोंनी निघणाऱ्या कागदी चित्राची प्रतिष्ठा कोणी करत नाही, तरीही भिंतीवर टांगताच त्याला हार पडतो, काचेवर हळदकुंकू लागते. प्रतिष्ठेवाचून हे देवपण येते कोठून? त्याच्या उत्तराचा मोठा भाग चित्राच्या मांडणीत आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड आणि प्रत्येक दगडावरून पुन्हा तोच कागद, अशी ती छपाई होती. तिथून निघालेली लक्ष्मीची तसबीर आजही ओळखीची आहे. पाण्यातल्या कमळावर देवी उभी आहे, अंगावर जरीकाठी साडी, मागच्या दोन हातांत कमळे, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. पाणी आणि झाडी यांना पाश्चात्त्य तैलचित्रातली खोली आहे, शरीराला छायाप्रकाशाची गोलाई आहे. मात्र देवी मधोमध आहे आणि तिचे तोंड पाहणाऱ्याकडे आहे.

याच चित्रकाराची शकुंतला शेजारी ठेवली की फरक ध्यानात येतो. पायातला काटा काढण्याच्या मिषाने ती मागे वळून दुष्यंताला शोधते. तिची नजर चौकटीबाहेर जाते, आणि पाहणारा त्या प्रसंगाचा केवळ प्रेक्षक राहतो. शकुंतलेचे चित्र दिवाणखान्यात लागते, त्याला कोणी ओवाळत नाही. लक्ष्मीच्या चित्रात कथा जवळजवळ थांबलेली आहे. काही घडायचे उरलेले नाही, म्हणून पाहणे हाच प्रसंग होतो. दर्शनात भक्त देवाला पाहतो तसा देवही भक्ताला पाहतो. हे दुसरे पाहणे समोर वळलेला चेहरा शक्य करतो, आणि मंत्राने जे काम व्हायचे त्यातले काही येथे रचनेने होते.

शास्त्राला चित्र परके नाही. भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार येतात : दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. याच स्कंधावर एकनाथांनी ‘एकनाथी भागवत’ रचले. तिथला एक बारकावा फार बोलका आहे. लेपाच्या किंवा रेखलेल्या प्रतिमेला स्नान घालायचे नाही, ती नुसती पुसायची. देव्हाऱ्यातले टाक ताम्हनात घेऊन धुणारी आणि तसबिरीवरून कोरडे फडके फिरवणारी गृहिणी तोच भेद पाळत असते. मन हीसुद्धा जिथे प्रतिमेची जागा ठरते, तिथे कागदाला नाकारण्याचे कारण उरत नाही.

रविवर्म्यांवरचा खरा आक्षेप वेगळा आहे. आनंद कुमारस्वामी यांना त्यांच्या देवता नाटकी वाटल्या. जुना शिल्पी ध्यानश्लोकावरून आणि तालमानावरून रूप घडवत असे, तर रविवर्म्यांनी हाडामांसाची स्त्री समोर ठेवून देवी रंगवली. या आक्षेपात तथ्य आहे. देवी ओळखीच्या बाईसारखी दिसू लागली की तिचे अपारपण झाकोळते. पण चार हात वास्तववादाला जुमानत नाहीत. इतक्या खऱ्या वाटणाऱ्या शरीराला ते असल्यामुळेच डोळा थबकतो आणि हे रूप माणसाचे नव्हे याची जाणीव होते. सगुणाची वाट हीच आहे : रूप जवळ आणायचे, पण ते रूपापाशी संपू द्यायचे नाही. लक्ष्मीच्या चित्रात हा तोल साधला आहे, असेच म्हणावे लागते.

तसबिरीने आणखी एक मोठे काम केले. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी नाशिकला १९३० साली सत्याग्रह करावा लागला, अशा समाजात कागदावरचा देव पुजारी आणि उंबरठा यांच्यावाचून घरात येऊ शकत होता.

प्रतिष्ठा नसली तर विसर्जनही नको, असे तर्क सांगतो. लोकांनी तो मानलेला नाही. ओल लागलेली तसबीर कचऱ्यात न टाकता पाण्यात सोडतात किंवा पिंपळाच्या पारावर ठेवतात. ही भावना खरी मानायची, तर लग्नपत्रिकेवर गणपती आणि फटाक्याच्या वेष्टनावर लक्ष्मी छापणाऱ्यांनी थांबायला हवे. जे चित्र पायदळी जाणार किंवा जळणार हे आधीच ठाऊक आहे, त्यावर समोर पाहणारा देव छापू नये.