मोजलेले मासे

गळ टाकून मासा धरणे हा मुळात पोटासाठीचा उद्योग. अमेरिकेत त्याला स्पर्धेचे रूप आले. 'बास' नावाच्या माशासाठी रे स्कॉट यांनी १९६७ साली मोठी स्पर्धा भरवली आणि १९७२ पासून धरलेला मासा जिवंत ठेवून, वजन करून, पुन्हा पाण्यात सोडण्याचा पायंडा पाडला.

त्याच १९७२ साली तापीवरील उकाई धरण पुरे झाले. त्याचा फुगवटा आमच्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूर तालुक्यापर्यंत येतो. तेथील आदिवासी बांधव मासा धरतो तो चुलीसाठी आणि बाजारासाठी. सोडून देणे त्याला परवडत नाही.

मग अधिक दयाळू कोण? मासा सोडणारा, असे आपण चटकन म्हणू. पण गळाची जखम त्या माशालाही होतेच. गरज नसताना प्राण्यांना पीडा देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (परिच्छेद २४१८). म्हणजे कसोटी केवळ मरणाची नाही, गरजेची आहे.

म्हणून हौशी गळकऱ्याला आम्ही पापी ठरवत नाही. पाण्याकाठी संयम शिकता येतो, हार पचवता येते. मोजणीही निषिद्ध नाही; संत योहानाने १५३ मासे मोजून नोंदवले आहेत. मात्र ती मोजणी काठावरच्या न्याहारीत विसावली, आणि वाढणारा स्वतः प्रभू होता. हौशी माणसाने आपल्या छंदातून नदी स्वच्छ राखली, तिच्यातील मासा वाचवला, तर त्याचीही मोजणी कुणा गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचेल. एरवी हाती उरेल ते केवळ वजन.